लाखामागे किती जबरी चोऱ्या

दरवर्षी माझ्या टेबलावरून एक तक्ता बाहेर पडतो आणि तो बाहेर पडला की पुढचे काही आठवडे माझं डोकं ठिकाणावर नसतं. निरनिराळ्या देशांत लाख माणसांमागे जबरी चोरीचे किती गुन्हे नोंदले गेले, याचा तो तक्ता. डावीकडे देश, उजवीकडे आकडे आणि खाली बारीक अक्षरात टिपा. टिपा मी लिहितो. जीव ओतून लिहितो. त्या आपल्याकडे आजवर कोणी म्हणजे कोणीही वाचलेल्या नाहीत. अगदी छपाईच्या चुका तपासणाऱ्यानेसुद्धा नाहीत, नाहीतर गेल्या वर्षी त्यात एक ओळ दोनदा छापली गेली नसती. कोणी तक्त्याकडे बोट दाखवून काही बोललं की माझं वाक्य ‘परंतु’ने सुरू होतं, म्हणून ऑफिसात मला परंतुराव म्हणतात. म्हणोत बापडे.

यंदा मोठ्या साहेबांच्या मनात आलं की तक्ता जाडजूड पुस्तकात पडून राहण्यापेक्षा लोकांपर्यंत पोचला पाहिजे. म्हणून त्यांनी तो रंगवून घेतला. जास्त आकडा असलेल्या देशांना लाल पट्टी, कमी असलेल्यांना हिरवी. आपला देश तळाच्या जवळ, म्हणजे हिरवागार. साहेब लग्नघरातल्यासारखे खुशीत होते.

“साहेब, टिपा कुठे गेल्या?” मी विचारलं.

“अहो, चित्रावर टिपा कुठे मावणार? आणि कोण वाचतं त्या?”

“परंतु टिपा नसतील तर चित्र खोटं पडतं.”

“यातला एक तरी आकडा चुकीचा आहे का?”

“नाही.”

“मग खोटं कसं पडेल?”

या प्रश्नाला उत्तर आहे, पण ते द्यायला अर्धा तास लागतो आणि साहेबांकडे माझ्यासाठी अर्धा तास कधीच नसतो. तक्ता टिपांशिवाय वर्तमानपत्रात छापून आला आणि नेमका आमच्या दाजींच्या हातात पडला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. लोकांना नीट दिसावं म्हणून त्यांनी उभा जन्म काचा घासण्यात घालवला. माणूस प्रेमळ, पण एकदा काही डोक्यात बसलं की हातोडी घेतली तरी निघत नाही. त्यांची एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी भाची, दातांच्या लॅबमध्ये काम करते. पेशंटच्या तोंडाचा साचा येतो, त्यावरून ती मेणाचा दात घडवते, मग पोर्सेलिनचा, मग शेजारच्या दाताशी रंग जुळवत बसते. चहाने पिवळा पडलेला दात कसा रंगवायचा, यावर ती तासभर बोलू शकते. हात असा की मूळचा दात कोणता आणि तिने केलेला कोणता, हे सांगता येऊ नये.

तिला परदेशातून दोन ठिकाणी बोलावणं आलं होतं. एक आमच्या तक्त्यात अगदी वर असलेल्या, लालभडक देशातून. तिथली लॅब हाताने केलेल्या दातांसाठी नावाजलेली. दुसरं तक्त्याच्या तळाच्या, हिरव्या देशातून. तिथे मशीनमधून निघालेले दात पॉलिश करून डब्यात भरायचे, एवढंच. शुक्रवारपर्यंत उत्तर कळवायचं होतं. पोरगी कमावती आहे, कोणाच्या परवानगीवाचून तिचं अडत नव्हतं. पण तिला घरातून भांडून निघायचं नव्हतं आणि भांडल्याशिवाय निघता येईल अशी काही चिन्हं नव्हती.

“मामा, तुझा तक्ता आमच्या फ्रिजवर चिकटलाय,” तिने फोनवर सांगितलं. “बाबा म्हणतात, वरच्या देशात पाठवणं म्हणजे पोरीला चोरांच्या तोंडी देणं. गेलीस तर खालच्या देशात जा, म्हणतात. मी काय करू रे? मला डबे भरायचे नाहीत.”

“मी येतो रविवारी. समजावतो त्यांना.”

“नक्की समजावशील ना? तुझाच तक्ता आहे.”

तेच तर दुखणं होतं.

रविवारी गेलो, तर खरंच फ्रिजवर मधोमध आमचं रंगीत चित्र. दाजींनी त्यातले दोन देश पेनाने गोल करून ठेवले होते. ताई टेबलाशी मटार सोलत होती. तिने नुसती मान हलवून मला बसायला सांगितलं. लग्नाआधी ताई एका मिनिटात दहा गोष्टी बोलायची. आता ती सोलते, निवडते, घड्या घालते, आणि बोलण्याचं काम दाजी करतात.

मी खुर्ची ओढली आणि सुरुवात केली.

“दाजी, वरच्या देशात कोणाच्या हातातली पिशवी हिसकावून पळालं तरी ती जबरी चोरी धरतात. आपल्याकडे ती साधी चोरी. म्हणजे ती या तक्त्यात येतच नाही.”

“पिशवी गेली ती गेलीच ना?”

“गेली. पण मोजली वेगळ्या रकान्यात. दुसरं बघा. तिथे दुकानात तिघांना धमकावून लुटलं तर तीन गुन्हे. आपल्याकडे एक. तिथे नुसता प्रयत्न केला आणि हाती काही लागलं नाही, तरी एक गुन्हा. आपल्याकडे शून्य. तिथे शाळेच्या मैदानावर एका पोराने दुसऱ्याला दम देऊन फोन काढून घेतला, तरी पोलिसांत नोंद होते.”

“बघ! शाळेत पण चोर!” दाजी ताईला म्हणाले.

मी कपाळाला हात लावला. “दाजी, आपल्याकडेही पोरं फोन काढून घेतात. मुख्याध्यापक दोघांच्या बापांना बोलावतात आणि मिटवतात.”

“म्हणजे मिटतं. चांगलं आहे ना मग.”

“बरं, आता खालचा देश घ्या. तिथे लुटणाऱ्याचं नाव सांगता आलं तरच गुन्हा लिहून घेतात. आता मला सांगा, लुटणारा काय आपलं नाव-गाव सांगून लुटतो?”

दाजींनी क्षणभर विचार केला. मला वाटलं, पोचलं.

“याचा अर्थ तिथे अनोळखी माणूस लुटत नाही,” ते म्हणाले. “ओळखीतलेच काय ते. मग आपली पोरगी तिथे कोणाशी ओळखच वाढवणार नाही. प्रश्न मिटला.”

भाचीने टेबलाखालून माझा पाय दाबला, म्हणजे चिडू नकोस. मी पाणी प्यायलो आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तेव्हा दाजी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “हे बघ, तू कष्टाने केलेला तक्ता आहे. सरकारने छापलाय. तू उगाच स्वतःच्या कामाला नावं ठेवू नकोस.” वर मलाच धीर! मी चहा अर्धा टाकून उठलो.

सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या मी वरच्या देशातल्या बाईंना लिहिलं. त्या तिकडे माझंच काम करतात. आमची कधी भेट नाही, पण टिपांवरून वर्षानुवर्षं पत्रापत्री आहे, आणि जगात माझ्या टिपा वाचणारं एक माणूस आहे हे त्यांच्यामुळे मला माहीत आहे. मी विचारलं, तुमच्या आकड्यातून हिसकाहिसकी, नुसते प्रयत्न, शाळेतली पोरं आणि एका घटनेतले जादा मोजलेले लोक वेगळे काढून देता का? त्यांनी बुधवारी सगळं निवडून पाठवलं. खाली लिहिलं होतं, ‘माझ्या आईने तुमचा तक्ता टीव्हीवर पाहिला. तेव्हापासून ती संध्याकाळी घराबाहेर पडत नाही. मी तिला टिपा वाचून दाखवल्या, तर तिला झोप लागली.’ वाचून मला हसू आलं आणि बरंही वाटलं.

मग मी ऑफिसचं काम बाजूला सारून बेरजा करायला बसलो. वरच्या देशाचा आकडा आपल्या नियमांनी मोजला तर तो घसरत घसरत तक्त्याच्या मध्यावर आला. खालच्या देशाचा आकडा आपल्या नियमांनी मोजताच येईना, कारण जे लिहिलंच नाही ते निवडायचं कशातून? तिथे मी एक आडवी रेघ मारली आणि नवा तक्ता स्वच्छ अक्षरात उतरवून काढला. या वेळी टिपा वर लिहिल्या आणि आकडे खाली. मोठ्या साहेबांनी जाता जाता डोकावून पाहिलं आणि विचारलं, “हे कोणी मागितलंय?” कोणी मागितलं नव्हतं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि गुरुवारी दुपारी ताईच्या घरी पोचलो.

दाजी दुकान बंद करून जेवायला आले होते. भाचीने त्या दिवशी मुद्दाम सुट्टी घेतली होती. मी नवा तक्ता दाजींच्या ताटाशेजारी ठेवला. त्यांनी हात धुतले, पुसले, चष्मा चढवला आणि सगळं वाचलं. टिपासुद्धा वाचल्या. खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं होतं. मग त्यांनी फ्रिजवरचं चित्र काढून आणलं, दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि बराच वेळ या कागदावरून त्या कागदावर बोट फिरवत राहिले.

“म्हणजे हा एकच देश इथे पहिला येतो आणि तिथे मधला येतो?”

“बरोबर!” मी जवळजवळ ओरडलोच. “बरोबर, दाजी! मोजाल तसं येतं.”

“आणि दोन्ही आकडे खरे?”

“दोन्ही खरे.”

“मग तुमच्या आकड्यांना काडीचा अर्थ नाही.” त्यांनी दोन्ही कागद उलटे करून ठेवले. “बरं झालं दाखवलंस. वरच्या देशाचं खरं काय ते कळत नाही, खालच्याचं तर तू रेघच मारलीस. ठरलं मग. तिने कुठेच जायचं नाही. इथे निदान आपल्याला माहीत तरी आहे. इतकी वर्षं राहतोय, आपल्यात कधी असलं काही झालं नाही.”

भाची माझ्याकडे बघत राहिली. तिला एका लॅबऐवजी दुसरी मिळणार होती. मी मदतीला धावून गेलो आणि आता एकही मिळणार नव्हती. एवढी फत्ते मी अर्ध्या दिवसाच्या रजेत केली होती. मला स्वतःचा, दाजींचा, साहेबांचा, सगळ्या हिरव्या पट्ट्यांचा असा संताप आला की मी टेबलावर हात आपटला. आमटीची वाटी कलंडली.

“दाजी, अहो, तुम्हाला कसं सांगू? आकडा कमी म्हणजे लुटतात कमी, असं नसतं हो! लिहितात कमी, असं असतं!”

“हे तू टिपांत लिहिलंस. मी वाचलं. पण त्याला पुरावा काय?”

“त्याला पुरावा कसा असेल? लिहिलेलंच नसतं ना ते!”

“मग झालं तर.”

ताई फडकं घेऊन आली आणि सांडलेलं पुसायला लागली. पुसता पुसता तिने मला विचारलं, “वरच्या देशात पाच जणांनी लुटलं असं सांगितलं, तर पाच लिहितात?”

“लिहितात,” मी म्हणालो. मला वाटलं, ती विषय बदलायला काहीतरी विचारते आहे.

“कमी करून नाही लिहीत?”

“नाही. ज्याला लुटलं तो जे सांगेल ते लिहायचं, असा त्यांचा नियमच आहे. पण पाच का?”

“मला पाच जणांनी लुटलं होतं,” ताई म्हणाली.

दाजी म्हणाले, “अगं, ते कशाला आता?”

“लग्नाच्या पहिल्याच वर्षी,” ताई माझ्याकडे बघूनच बोलत राहिली. “मी तेव्हा टेलिफोन ऑफिसात जायचे. येताना पुलाखाली अडवलं. पर्स घेतली. आपल्या बाबांनी नोकरी लागल्यावर घेऊन दिलेलं घड्याळ होतं, त्याचा पट्टा सुटेना, म्हणून एकाने तोंडावर बुक्की मारली. हा दात तेव्हा गेला.”

“आई!” भाची खुर्चीतून उठली. “मी करून दिला तो? तू तर मला सांगितलंस बाथरूममध्ये पाय घसरला.”

“तसंच सांगायचं ठरलं होतं.” ताईने फडकं पिळलं. “घरी येऊन यांना सांगितलं, आणि आम्ही दोघं चौकीवर गेलो. लिहून घेणारा माणूस वाईट नव्हता. मला बसायला खुर्ची दिली, ओठाला लावायला बर्फ मागवला. किती जण होते विचारलं. मी पाच म्हटल्यावर त्याने पेन खाली ठेवलं. म्हणाला, वहिनी, चारापेक्षा जास्त असले की तो दरोडा होतो. वरचे साहेब येणार, तुम्हाला बसवून ठेवणार. नक्की पाच होते का? घाबरल्यावर जास्त दिसतात. मी यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, चार लिहा.”

दाजी ताटाकडे बघत होते.

“मग तो म्हणाला, चार असले तरी जबरी चोरीच. चार जणांना ओळखायला तुम्हाला बोलावणार. दोन लिहू का? हे म्हणाले, दोन. मग म्हणाला, मारलं असं लिहिलं की डॉक्टरकडे पाठवावं लागतं. हे म्हणाले, मारलं नका लिहू. मग म्हणाला, मारलं नाही, तर हिसकावलं कसं म्हणायचं? गर्दीत पडलं असेल. असं करत करत पाचाचे चार झाले, चाराचे दोन झाले, दोघांपैकी कोणी राहिलंच नाही. शेवटी माझं घड्याळ कुठेतरी हरवलं होतं. तशी पावती घेऊन आम्ही घरी आलो.”

इतकी वर्षं मी हा धंदा करतो. न नोंदलेले गुन्हे या विषयावर मी भाषणं दिली आहेत, चहाच्या वेळी लोकांना पकडून पकडून पिडलं आहे. आणि माझ्या सख्ख्या बहिणीचा दात त्या हिरव्या पट्टीत कुठेच नव्हता. जबरी चोरीत नाही, दरोड्यात नाही, साध्या चोरीतसुद्धा नाही. मला भडभडून आलं. दाजींचा राग आला होताच, पण ताईचाही आला.

“मला का नाही सांगितलंस?”

“तू कॉलेजात होतास. चौकीवर जाऊन भांडला असतास.”

“भांडलोच असतो!”

“म्हणून,” ताई म्हणाली.

दाजींनी चष्मा काढला. “तू दमली होतीस तेव्हा. घरी जाऊया म्हणालीस.”

“मी नाही म्हणाले. तुम्हाला भूक लागली होती.”

भाची आईजवळ जाऊन उभी राहिली आणि तिने तिच्या हातातलं ओलं फडकं काढून घेतलं.

“मला वाटलं, लवकर संपलं तर तू लवकर विसरशील,” दाजी म्हणाले. ते माझ्याकडे वळले. “पोरीच्या बाबतीत तसं होऊ नये एवढंच म्हणतोय रे मी. एक तरी देश असेल ना, जिथे होत नाही?”

त्या क्षणी मला त्यांची दया आली. आठवडाभर मी ज्याला अडाणीपणा समजत होतो ती भीती होती, आणि ती त्यांनी माझ्याहून जवळून पाहिलेली होती. मी म्हणालो, “नाही दाजी. वरच्या देशातही लुटतात. मी खोटं नाही सांगणार. तिलाही लुटतील कदाचित.”

“इथेही लुटतात,” ताई म्हणाली.

“पण ती तिथे एकटी असेल!” दाजी कळवळून म्हणाले. “उद्या तसं काही झालं, चौकीवर जायची वेळ आली, तर हिच्यासोबत कोण असणार आहे?”

ताईने मुलीकडे पाहिलं.

“कोणी नसेल,” ती म्हणाली. “तेच बरं. हिने पाच सांगितले, तर पाच राहतील.”